वहीच्या कागदावरची राणी

आत्याच्या लाडक्या कॉमिकचं शेवटचं पान लहानपणीच हरवलं होतं. चाच्यांनी राणीला डोलकाठीला बांधलं, इथेच गोष्ट तुटायची. नऊ वर्षांच्या आत्याने वहीच्या कागदावर स्वतःच शेवट काढून चिकटवला: राणी दोर कापते आणि चाच्यांचंच जहाज पळवून नेते. पुढे आलेली स्थळं परतवून तिने शिवणकामाचं दुकान थाटलं; कॉमिक मशीनच्या खणात असायचं. परवा भाची नाचतच आली. “आत्या, इंटरनेटवर खरं पान सापडलं! छापूनच आणलंय. तुझं काढून हे लावू.” आत्याने चष्मा चढवून वाचलं: कुणी एक कप्तान येऊन राणीला सोडवतो आणि ती लाजून तलवार त्याच्या हाती देते. “साठ वर्षं वाट पाहिली आणि चित्रकाराने माती खाल्ली!” “पण छापलेलं हेच ना?” भाची म्हणाली. “छापलं म्हणजे खरं होय?” आत्याने पेन उचललं आणि आपल्या पानाखाली पहिल्यांदाच ठसठशीत सही ठोकली.