घरी गेल्यावर घ्यायची काळजी

"सिस्टर, तुमच्या त्या कागदापायी जीव मेटाकुटीला आलाय हो," हर्नियाच्या पेशंटची बायको फोनवर सांगत होती. "दर दोन तासांनी यांना उठवायचं, नाव विचारायचं. आता हे माझ्यावरच खेकसतात, 'टाके पोटाला पडलेत, डोक्याला नाही!'"

सिस्टर खळखळून हसली आणि मध्येच गप्प झाली. काल दुपारी दोघांनाच घरी सोडलं होतं. दुसरा, शिडीवरून डोक्यावर पडलेला रंगारी. म्हणजे हर्नियाचा कागद त्याच्या आईकडे गेला होता: 'पेशंटला हवं तितकं झोपू द्यावं.'

तिने घाईघाईने रंगाऱ्याच्या घरी फोन लावला.

 

"हळू बोला हो सिस्टर," आई कुजबुजली. "कालपासून गाढ झोपलाय. मी दाराची बेलसुद्धा बंद करून ठेवलीय."