बापाचं हत्यार

सुताराची चाळिशी उलटली, तरी बापाने त्याला आपल्या हत्यारांना हात लावू दिला नव्हता. रंधा सोडाच, कानावरची पेन्सिलसुद्धा कधी दिली नाही. "धार घालवशील," हे एकच पालुपद.

त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "खाण्याचा दोष नाही हो. रक्तातलं कोलेस्टेरॉल साफ करणारं एक जनुक असतं, तेच तुमचं नीट चालत नाही. वडिलांकडून आलंय तुम्हाला," तेव्हा सुताराने भारावून डॉक्टरांचे हातच धरले.

"नक्की त्यांनीच दिलं?"

"आईचं तर नीट आहे. मग दुसरं कोण देणार?"

दवाखान्यातून तो तडक कामाच्या शेडमध्ये गेला आणि एका दमात सगळं सांगून मोकळा झाला. म्हाताऱ्याने रंधा थांबवला, चष्म्यावरून पाहिलं.

"मला न विचारता घेतलंस?"

"अहो बाबा, ते जन्मतःच..."

"माझ्याकडे होतं तोवर झकास चालत होतं. केलंस ना बोथट! आणि आणखी कुणाला दिलं तर नाहीस ना?"

सुताराच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या दोन्ही मुली आल्या.

"छे हो, बाबा," तो खोटं बोलला.