'गेले' म्हणायचं नाही

"गेले! गेले!" सून स्वयंपाकघरातून ओरडली.

ती म्हणत होती दिवे. मिक्सर फिरता फिरता मध्येच थांबला, म्हणून ती ओरडली. पण घराने ऐकलं ते वेगळंच. आतल्या खोलीत बाबा पडून होते. फुप्फुसं थकलेली, नाकात नळी, उशाशी प्राणवायूचं यंत्र. अशा घरात कुणी 'गेले' म्हटलं तर कुणाच्या मनात दिवे येतील?

मुलगा धावत आला आणि थेट बापाच्या पायांवर कोसळला. मुलीने दारातच भोकाड पसरलं. ते ऐकून सूनही आली आणि आपण बोललो तेच खरं झालं असं समजून तीही रडू लागली. विजेवाचून यंत्र बंद पडलं होतं. त्याची पिपाणी बोंबलत होती, पण रडारडीत तिला कोण विचारतो? बाबा डोळे मोठे करून आपल्या मागचं रडं बघत होते. ओठ निळे पडत चालले होते. एक बोट कोपऱ्यातल्या प्राणवायूच्या भरल्या सिलिंडरकडे होतं. त्या बोटाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आई कपड्यांची बादली घेऊन गच्चीवरून खाली आली. दारातून तिने एकदाच पाहिलं आणि बादली तिथेच टाकली.

"पाय काय धरतोस मेल्या, चावी धर!"

मुलाला सिलिंडर उघडायची चावीही सापडेना. ती निघाली औषधांच्या डब्याखाली. आईनेच ती सिलिंडरला लावून फिरवली, नळी यंत्रातून उपटली आणि सिलिंडरला जोडली. सूं करून हवा सुटली. बाबांच्या छातीचा भाता हळूहळू ताळ्यावर आला.

बोलता येऊ लागल्यावर ते म्हणाले, "जरा उशिरा आली असतीस तर काय बिघडलं असतं? कोण किती रडतं ते नीट बघून घेतलं असतं."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. चावी मात्र तिच्या मुठीतून सुटत नव्हती.

संध्याकाळी तिने सगळ्यांना खाटेभोवती उभं केलं.

"इन्व्हर्टर घेऊ," मुलगा म्हणाला.

"घे की. पण ते पण यंत्रच. ऐन वेळी तुझ्यासारखंच रडत बसलं तर?"

मग तिने घर हातात घेतलं. चावी सुतळीने खाटेच्या पायाला बांधली. बॅटरी दारामागच्या खिळ्याला, काडेपेटी झाकणाच्या डब्यात, पिण्याचं पाणी झाकून भरलेलं. जागेवरची वस्तू हलवली की हलवणाऱ्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस व्हायची. कामंही वाटून दिली. चावी मुलाची, नळी सुनेची, बॅटरी मुलीची. रडणं कुणाचंच नाही.

"आणि एक," ती म्हणाली. "या घरात 'गेले' म्हणायचं नाही. बाहेर पडताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो ना? मग दिव्यांनाही तीच रीत. दिवे गेले की ओरडायचं, 'आले!'"

"आणि खरंच आले की काय ओरडायचं हो आई?" सुनेने विचारलं.

"खरंच आले की ओरडायला काय झालंय? डोळ्यांना दिसतं की!"

बाबा खोकून खोकून हसले.

तेव्हापासून तिने कुणाला सुखाचा घास खाऊ दिला नाही. मनात आलं की मेनचा दांडा खाली ओढायची. जेवताना, दाढी करताना, मुलगी फोनवर गुलूगुलू बोलत असताना. "आले!" अशी हाक उठायची आणि तिघंही पळायचे. एकदा मुलगा अर्ध्या गालाला साबण लावून आला. एकदा सुनेने घाईत नळी बाबांच्या कानात घातली. बाबा परीक्षक. सगळं ठीक झालं की अंगठा वर, चुकलं की तोंड भिंतीकडे. शेजारीण म्हणाली, "तुमच्याकडे येता-जाता लग्नघर असल्यासारखं काय आले आले चालतं हो?" आई म्हणाली, "आमच्याकडे पाहुणे फार. तुमच्याकडे कुणी फिरकत नाही, त्याला मी काय करू?"

मग एकदा वादळाने विजेचे खांब आडवे केले. इन्व्हर्टरने दुपारपर्यंत तग धरला आणि आई म्हणाली होती तशी मान टाकली. "आले!" सून ओरडली. सुतळी सुटली, चावी फिरली, नळी बसली. कुणी कुणाला धडकलं नाही, कुणाच्या तोंडून 'अगं बाई'सुद्धा निघालं नाही. यंत्राच्या पिपाणीला नीट बोंबलायलाही मिळालं नाही. बाबांनी दोन्ही अंगठे वर केले.

 त्या दिवशी मुलाला आईने स्वतःच्या हाताने वाढलं, आणि त्याने चावी पुन्हा नीट बांधलीय की नाही ते जाऊन पाहिलं नाही.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. सून मिक्सर लावून बसली होती. तिने तो बंद केला आणि तिच्या कानाला काहीतरी कमी वाटलं. आतल्या यंत्राची घरघर येत नव्हती.

"आले!"

मुलगा आंघोळीवरून ओल्या पायांनी पळाला. मुलीने धावता धावता खिळ्यावरची बॅटरी घेतली. सून नळी धरायला हात पुढे करूनच आली. कुणीही चुकलं नाही.

आई खोलीच्या दारात आडवी उभी होती. नळी तिच्या हातात होती, नीट गुंडाळून ठेवलेली. आत घुसणाऱ्या मुलाचं मनगट तिने धरलं.

"पळू नका," ती म्हणाली. "दिवे आहेत."