को-सिस्टर

दुपारी अडीचला लंडनमधल्या नर्सच्या नोकरीसाठी श्रीलताची मोबाइलवर मुलाखत सुरू झाली. दाराआड थोरली जाऊ नागमणी श्रीलताच्या लेकीला मांडीवर घेऊन ऐकत होती. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी विचारलं, मागे मुलीला कोण सांभाळणार? “माय को-सिस्टर,” श्रीलता म्हणाली. नागमणीने दाराआडून ‘नाही, नाही’ अशी मान हलवली. जावेसाठी हा शब्द चुकीचा, ‘सिस्टर-इन-लॉ’ म्हणायचं, असं सात रस्ता चौकातल्या इंग्रजीच्या क्लासमधल्या सरांनी श्रीलताला बजावलं होतं. मॅडमनाही तो कळला नाही. श्रीलताने न डगमगता इंग्रजीतच समजावलं, “सिस्टर-इन-लॉ नणंदही असते, ही माझ्यासारखीच या घरात सून होऊन आली.” मॅडम नुसतं “ओके” म्हणाल्या. फोन बंद होताच नागमणी कळवळली, “अगं, सरांचा शब्द वापरायचास की! नोकरी गेली तर?” “गेली तर गेली. तुमाला नणंद म्हणू व्हय, अक्का?” नागमणीने कौतुकाने तिच्या गालावरून हात फिरवला. लंडनहून अजून काही उत्तर आलेलं नाही.