दोन तिकिटांचे पॉइंट्स

"या देशात माणूस पैशावाचून गरीब राहत नाही, हिशेबावाचून राहतो," असं जयवंतरावांनी मुलुंडच्या आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून जाहीर केलं. तेवढ्यात दूध उतू गेलं. प्रेमाताईंनी त्यांना तिथे दुधाकडे बघायलाच उभं केलं होतं.

हिशेब क्रेडिट कार्डाचा होता. जुनं कार्ड वर्षाला पाचशे रुपये घेऊन गप्प बसायचं. पण बँकेतली श्रुतिका नावाची मुलगी आठवडाभर फोन करून सांगत होती की सर, वरच्या दर्जाचं कार्ड घ्या. त्याची वार्षिक फी दहा हजार, वर जीएसटी. मात्र तीन महिन्यांत तीन लाखांचा खर्च केला की बोनस पॉइंट्स, आणि त्या पॉइंट्समध्ये सिंगापूरची दोन परतीची तिकिटं बसतात. अख्ख्या नोकरीत जयवंतरावांना कुणी 'सर' म्हटलं नव्हतं. अर्थात ते त्यांनी हिशेबात धरलं नाही.

सिंगापूरला त्यांचा मुलगा होता, प्रीतम. जाऊन चार वर्षं झाली होती. दर रविवारी तो फोन करायचा आणि 'या ना' एवढं सोडून सगळं बोलायचा. आईबापांनी यायचा विषय काढला की म्हणायचा, बघू. आता सुनेला, अपूर्वाला, पाचवा महिना लागत होता. मुलाकडे तिकिटाचे पैसे मागायचे नाहीत, हा जयवंतरावांचा बाणा. आणि आपल्या तिकिटाने जाऊन थेट दारात उभं राहिलं की 'बघू' म्हणायला जागाच उरत नाही, हा त्यांचा कावा. म्हणून नव्या कार्डाबद्दल त्यांनी मुलाला सांगितलं, तिकिटांबद्दल नाही.

"फुकट जायचे दहा हजार," प्रेमाताई म्हणाल्या. "घ्या नायतर सोडा. काय ता एकदाच ठरवा."

घेतलं. काळं, जड, पाकिटात न मावणारं कार्ड आलं.

आता पेन्शनीवरच्या घरात तीन लाख खर्च व्हायचे कसे? दोघांच्या औषधांवर आणि पापलेटांवर ते तीन वर्षांतही झाले नसते. मग जयवंतरावांनी दुसऱ्यांच्या खरेदीला जायला सुरुवात केली. कार्ड माझं, रोकड तुमची. शेजारच्या कुंडलिकरावांचा फ्रीज असाच आला. बहीण रत्नप्रभाच्या बाथरूमच्या टाइल्स तर जयवंतरावांनीच निवडल्या, कारण महागातल्या घ्याव्यात असं त्यांना मनापासून वाटत होतं. रत्नप्रभा अजून त्यांच्याशी नीट बोलत नाही. सोसायटीत कुणाकडे नुसतं मिक्सर बिघडल्याचं कळलं तरी ते चौकशीला जात, आणि कुणी लग्नासाठी कार्यालयाचा मोठा हॉल सोडून लहान घेतला की त्यांना मनापासून वाईट वाटे.

"मी गेलो की लाकडंही तुमच्याच कार्डावर घ्या," कुंडलिकराव म्हणाले. "तेवढेच पॉइंट्स."

"विजेवर स्वस्त पडतं," जयवंतराव म्हणाले.

शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा ऐंशी हजार कमी पडत होते. लग्नसराई संपलेली, फ्रीज सगळ्यांचे धडधाकट. जयवंतराव सोनाराच्या दुकानात जाऊन एसीत बसून आले. श्रुतिकाला फोन लावला तर तिने थंडपणे सांगितलं की मुदत वाढत नाही सर. फी आधीच कापली गेली होती. प्रेमाताईंनी पापलेटं आणणं बंद केलं, आणि बायकोने पापलेटं बंद केली म्हणजे काय हे नवऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

अशात शुक्रवारी प्रीतमचा फोन आला. रविवार नसताना.

"बाबा, तुमच्या त्या नव्या कार्डावर जरा मोठा खर्च चालेल का? त्या बँकेच्या कार्डाला सूट आहे. पैसे आत्ता पाठवतो."

जयवंतरावांनी कार्डाचा नंबर सांगितला. फोन चालू असतानाच मोबाईलवर मेसेज किणकिणला. त्यांनी चष्मा लावला. विमान कंपनीचं नाव, शहाऐंशी हजारांचा आकडा आणि खाली ओटीपी. तो त्यांनी एकेक आकडा सुटा करून वाचून दाखवला. प्रीतम म्हणाला, झालं, दोन्ही तिकिटं कन्फर्म, दहा मिनिटांत करतो फोन.

"प्रेमा, बॅग काढ वरून. पोराने आपली तिकिटं काढली."

प्रेमाताई हात पुसत बाहेर आल्या. "पासपोर्टचे नंबर नाही मागितले त्याने?"

"कधीचे पाठवून ठेवलेत मी. मुलगा आहे तो, विसरेल?"

त्या खाली बसल्या. मग उठून देवापुढे साखर ठेवून आल्या. बाळाच्या अंगाला लावायचं तेल तिकडे मिळत असेल का, विमानात साडी बरी की ड्रेस, आणि रत्नप्रभाला आजच सांगायचं की उद्या, असं चार वर्षांचं बोलणं त्या दहा मिनिटांत बोलल्या. मोबाईल पुन्हा किणकिणला. बँकेने अभिनंदन केलं होतं. तीन लाख पूर्ण, बोनस जमा.

"घ्या. आता पॉइंट्सची दोन तिकिटं जास्तीची झाली," जयवंतराव म्हणाले. "बारशाला परत जाऊ."

फोन वाजला. त्यांनी स्पीकर लावला.

"थँक्स, बाबा. मोठं काम झालं. अपूर्वाचे आईबाबा रविवारी निघतायत, सहा महिने राहतील. पहिलं बाळंतपण माहेरच्यांनीच करायचं ना, तुमचीच पद्धत. आणि इथे खोली एकच जास्तीची. तुमचं पुढच्या वर्षी बघू. आईला म्हणावं, डिंकाचे लाडू कर, आणि बोरीवलीला त्यांच्या घरी नेऊन द्याल ना? दोन किलोच्या वर नको मात्र, त्यांच्या बॅगा भरल्यात."