भरून येणारा रंग

विमान उतरून वीस मिनिटं झाली तरी दार उघडेना, तेव्हा पेंटर खोब्रागड्यांना हँगरमधून बोलावून घेतलं. शिडी चढून वर गेल्यावर त्यांना दाराची फटच सापडेना. सगळीकडे सलग पांढरा रंग होता.

"काका, दाराच्या कडेला मास्किंग टेप लावली होती ना?" खालून इंजिनिअर निलोफरनं विचारलं.

"लावली होती. रंग दिल्यावर काढली. ती काय जन्मभर ठेवायची असते?"

हा रंग स्वतःचे ओरखडे स्वतःच भरून काढायचा. वर्षभर खोब्रागडे चाचणीच्या पत्र्यावर रोज चरे पाडत होते, आणि रंग रोज थोडा लवकर भरून येत होता. चीर दिसली की बुजवायची, एवढंच त्याला शिकवलेलं. दार म्हणजे काय, हे कोणी शिकवलंच नव्हतं.

त्यांनी सँडर चालवला. घासलेली जागा डोळ्यांदेखत भरली. शेजारच्या खिडकीवरचे बारीक चरेही रंगाला सापडले होते. काचेवर पांढरी साय चढत होती. आतून एक बाई काच बडवत होती.

"घासू नका, काका! तुम्ही घासता तसा तो वाढतोय!" निलोफर खालून ओरडली.

खोब्रागड्यांनी सँडर टाकला आणि थिनरनं भेगाळलेला आपला तळहात दारावर टेकला. आतले धक्के हाताला जाणवत होते. हळूहळू ते जाणवेनासे झाले. त्यांनी घाबरून हात ओढून घेतला.

तळहात पांढरा, गार, गुळगुळीत झाला होता. त्यावर एकही रेष उरली नव्हती.