मागची डावी सीट

बारा वर्षं जिवापाड जपलेली आलिशान गाडी कारखानदाराने रुग्णांची ने-आण करणाऱ्या संस्थेला दान केली, तेव्हा लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. त्याच्या मात्र ते घशाखाली उतरेना.

"गाडी कधी गॅरेजमध्ये पडून होती का?" संस्थेच्या ड्रायव्हरबाईंनी फॉर्म भरताना विचारलं.

"एक दिवसही नाही," तो बोलून गेला.

गेल्या वर्षी अण्णांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, पायाची जखम वाहत होती. पांढऱ्या सीटवर डाग पडतील म्हणून तो त्यांना म्हणाला होता, "गाडी गॅरेजमध्ये आहे, अण्णा. आज बसने जा हॉस्पिटलात." अण्णांनी बसस्टॉपवरच प्राण सोडला.

बाईंनी चावी फिरवली. टिंग, टिंग, टिंग.

"मागे डावीकडे कुणीतरी बेल्ट न लावता बसलंय म्हणते गाडी," बाई हसल्या. "म्हातारी झाली, साहेब, भास व्हायचेच." खाली उतरून त्यांनी रिकाम्या सीटचा पट्टा अडकवला. आवाज थांबला.

कारखानदाराने काचेतून आत पाहिलं. पट्टा सीटला टेकलाच नव्हता. वीतभर पुढे ताणलेला तो पट्टा, दम लागलेल्या माणसाच्या पोटावर असावा तसा, सावकाश वरखाली होत होता.